वॉकरवाल्याने चहा करावा

स्वॉन्स पॉइंटच्या सुतारशेडमध्ये शिरलं की समोरच भिंतीवर हुऑन पाइनच्या लाकडाची एक फळी लटकलेली दिसते. तापलेल्या सळईने तिच्यावर अक्षरं डागली आहेत: ‘वॉकरवाल्याने चहा करावा.’ नवा माणूस ती वाचून चपापतो. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी या शेडमध्ये गावातले सगळे निवृत्त बाप्ये जमतात. त्यांतल्या निम्म्यांचे गुडघे बदललेले, उरलेल्यांचे बदलायला झालेले. अशांत जो बिचारा वॉकर घेऊन चालतो त्यालाच चहाला जुंपायचं, ही कुठली माणुसकी? मग कुणीतरी खांद्यावर हात टाकून त्याला सांगतं, की बाबा रे, हा वॉकर पायांचा नाही, पटाशीचा आहे.

पटाशीला, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्नीला, धार लावायची तर ती दगडावर एका ठरलेल्या कोनात धरून घासावी लागते, आणि तो कोन शेवटपर्यंत ढळू द्यायचा नसतो. ज्यांना ते हाताने जमत नाही त्यांच्यासाठी दुकानात एक मुठीत मावेल एवढं यंत्र मिळतं. त्याच्या दोन जबड्यांत पटाशी आवळायची आणि खालचं चाक दगडावर मागेपुढे फिरवायचं. कोन यंत्र सांभाळतं. दुकानदार त्याला गाइड म्हणतात. वॉकर हे नाव ठेवलं ॲथल ब्रॅमिचने, आणि ती फळीही त्यानेच डागली.

ॲथल अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. उभा जन्म नदीकाठी लाकडी होड्या बांधण्यात गेला. शेडमधलं खिडकीजवळचं टेबल त्याचं. तिथे दुसऱ्या कुणी नुसता डबा ठेवला तरी तो दोन मिनिटांत जमिनीवर आलेला असे. गावातल्या पटाश्या, रंधे, मेंढ्यांची लोकर कापायच्या कात्र्या, सगळं त्याच्याकडे यायचं. दगडावर पाण्याचे दोन शिंतोडे, मुठीत पटाशी, आणि सर्र सर्र सर्र. मिनिटभरात तो डाव्या मनगटावरचे केस भादरून धार दाखवायचा. ते मनगट बारा महिने गुळगुळीत असे आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

अकरा वर्षांपूर्वी केल्विन डाउसेट पहिल्यांदा शेडमध्ये आला. चाळीस वर्षं गावात औषधांचं दुकान चालवून नुकता मोकळा झालेला, काटकुळा, मोजूनमापून बोलणारा माणूस. त्याने मखमली पिशवीतून आपला गाइड काढला, पट्टी लावून पटाशी किती बाहेर आली ते मोजलं, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. तोवर ॲथलच्या तीन पटाश्या झाल्या होत्या.

“हे काय रे?” ॲथलने विचारलं.

“गाइड. कोन चुकू नये म्हणून.”

“कोन चुकू नये म्हणून!” ॲथल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “अरे, हा तर वॉकर! दोस्ता, ज्याला आधाराशिवाय दोन पावलं टाकता येत नाहीत त्याने उगाच फिरायला कशाला निघावं? त्याने आपलं घरी बसून चहा करावा.”

शेड हसलं. केल्विनही हसला, आणि दहा वाजता स्मोकोची, म्हणजे चहाची, सुट्टी झाली तेव्हा त्याने मुकाट्याने उठून किटली लावली. त्या दिवसापासून तो नियमच झाला. फळी पुढच्या आठवड्यात लागली. नवेजुने बरेच जण चोरून वॉकर वापरत, पण उघड वापरणारा एकटा केल्विन. म्हणून अकरा वर्षं आठवड्यातून दोनदा चहा त्यानेच केला. कुणाला कसा लागतो ते त्याला तोंडपाठ होतं. शेडचा अध्यक्ष डेन्झिल, त्याला दोन साखरा आणि भरपूर दूध. ॲथलला कडक, दूध नावापुरतं, साखर तीन चमचे, आणि हे त्याच्या बायकोला सांगायचं नाही.

आता खरी गोष्ट. गेल्या जुलैत ॲथलचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी त्याने थंडीला दोष दिला. मग लोकरीचे हातमोजे घातले तरी थरथर जाईना, तेव्हा होबार्टच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी त्याला रेघा ओढायला लावल्या, बोट नाकाला लावायला सांगितलं, आणि म्हणाल्या, “भयंकर काही नाही. वयाचा कंप आहे. राहील, थोडा वाढेल. त्याच्याशी जमवून घ्या.” जमवून घ्या म्हणे! ॲथलने आयुष्यात हवामान सोडून कुणाशीही जमवून घेतलं नव्हतं.

रुंद पटाशीचं एक बरं असतं. ती स्वतःच दगडावर बूड टेकून बसते, हात थोडा हलला तरी ती हलत नाही. गोची होते ती बारक्या पटाशीची. ॲथलकडे त्याच्या आजोबांची एक सुती पटाशी होती. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, काडेपेटीतल्या काडीपेक्षा जेमतेम रुंद. तिला टेकायला बूडच नाही. ती सगळी हातावर उभी असते, हात जसा तशी धार. ऑगस्टमध्ये ॲथलने ती पाजवली आणि उजेडात धरली, तर टोक एका बाजूला उतरलेलं, वर गोलसर झालेलं. त्याने ती पटकन खिशात घातली आणि इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. केल्विन तेवढा चहाचा कप घेऊन शेजारी उभा होता.

“अर्धाच कप?” ॲथल खेकसला. “औषधासारखा मोजून द्यायला लागलास का आता?”

“किटली लहान आहे,” केल्विन म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

आणि नोव्हेंबरात गावची जत्रा होती. जत्रेत शेडचा मांडव असतो, आणि मांडवात दर वर्षी ॲथलचा कार्यक्रम असतो: लोकांसमोर ती एक सुती पटाशी नुसत्या हाताने पाजवायची, आणि लगेच तिने खणाचा सांधा कोरून दाखवायचा. कबुतराच्या शेपटीसारखे दाते एकमेकांत अडकवतात ना, तो सांधा. दोन दात्यांमधल्या फटीत एक सुती पटाशीशिवाय दुसरं काही शिरत नाही. सतरा वर्षं हे चाललं होतं. हे गेलं की खिडकीजवळचं टेबल गेलं, असं ॲथलच्या मनाने घेतलं. टेबल कुणी मागणार नव्हतं, पण तो स्वतःच तिथे बसू शकला नसता. मग उरायचं काय? कोपऱ्यातल्या कोचावर बसून लॉटरीची तिकिटं फाडणं. तसे दोघे होतेच शेडमध्ये, आणि ॲथल त्यांना ‘फर्निचर’ म्हणायचा. आपणही फर्निचर होणार, या विचाराने त्याला खरोखर भीती वाटायला लागली.

शेवटी त्याने पोस्टाने एक वॉकर मागवला. खोक्यावर नाव आपलं न घालता बायकोचं घातलं. व्हायचं तेच झालं: मॉइराने खोकं उघडलं.

“हे काय मागवलंय मी?” तिने ते चाक बोटाने फिरवत विचारलं. “पिझ्झा कापायचं?”

“माझं आहे ते. दे इकडे.”

“तुझं?” मॉइराने चष्मा खाली घेतला. अकरा वर्षं या माणसाचे जेवणाच्या टेबलावरचे केल्विनच्या वॉकरवरचे विनोद ऐकून तिचे कान किटले होते. “ॲथल ब्रॅमिच, हा तोच का तो?”

“कुठे बोलू नकोस.”

“अरे, मी कशाला बोलू? मला एवढं सुख पचवू तर दे.”

कपडे धुण्याच्या खोलीत, वॉशिंग मशीनवर ओला टॉवेल टाकून त्याने दगड मांडला. रोज दुपारी, दार लावून. त्याला वाटलं होतं की यात शिकायचं ते काय, केल्विनला येतं म्हणजे कुत्र्यामांजरालाही येईल. पहिल्या दिवशी धार डावीकडे उतरली. दुसऱ्या दिवशी त्याने पकडीने जबडा आणखी आवळला. धार आणखी डावीकडे उतरली. तिसऱ्या दिवशी त्याने सूड म्हणून सगळा जोर उजवीकडे दिला. पटाशी जबड्यात फिरली, आणि दगडाच्या मधोमध, बैलगाडीच्या चाकोरीसारखा, एक लांबलचक खळगा पडला. तो खळगा काढायला दोन दुपारी गेल्या. आजोबांची पटाशी आठवड्यात जवळजवळ नखभर झिजली.

“हे यंत्रच नासकं आहे!” आतून ओरडा आला.

“केल्विनला विचार,” मॉइरा स्वयंपाकघरातून म्हणाली.

“मरेन पण केल्विनला विचारणार नाही.”

“मर मग, पण आधी माझे कपडे मशीनमधून काढ. चार दिवस झाले, तुझ्या दगडाखाली अडकलेत.”

मंगळवारी त्याने दुसरा मार्ग काढला. केल्विन टेबलाशी बसला की आपण चिडवायच्या निमित्ताने मागे उभं राहायचं आणि बघून घ्यायचं.

“का रे, केल्विन,” तो मोठ्याने म्हणाला, “तुझ्या या वॉकरमध्ये बारकी पटाशी बसते तरी का? की तिला पाळण्यात घालावं लागतं?”

“बसते,” केल्विन म्हणाला. “पण नीट बसवावी लागते.”

“नीट म्हणजे?” ॲथलच्या तोंडून जरा घाईनेच निघालं. मग त्याने सावरून घेतलं, “म्हणजे, अंगाईबिंगाई म्हणतोस का?”

शेड हसलं. केल्विनने मान वर करून त्याच्याकडे एक क्षण पाहिलं. चाळीस वर्षं गल्ल्यापलीकडून माणसं बघितलेली नजर ती. खोकल्याचं औषध मागायला आलेला माणूस खरं कशासाठी आलाय ते त्याला दारातच कळायचं. तो म्हणाला, “गुरुवारी दुपारी मी माझ्या गॅरेजमध्ये बारक्या पटाश्या पाजवणार आहे. दोन वाजता. दार उघडंच असतं.” आणि पुन्हा मान खाली घातली.

“आम्हाला काय करायचंय,” ॲथल म्हणाला.

गुरुवारी दोनला पाच कमी असताना तो केल्विनच्या दारात होता. एका हातात मॉइराच्या जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी, ही देण्यासाठी. काखेत टॉवेलची गुंडाळी, ती कशासाठी हे ठरलेलं नव्हतं.

“मॉइराने मुरंबा दिलाय.”

“बरं झालं. ये.”

केल्विनच्या गॅरेजमध्ये खिळ्यांच्याही बाटल्यांना औषधासारखी लेबलं होती. ॲथल एरवी त्यावर पाच मिनिटं तरी बोलला असता. आज त्याने टॉवेल टेबलावर ठेवला आणि उलगडला. आत पटाशी, आणि तो नवाकोरा वॉकर, जबड्यांवर पकडीचे ओरखडे उठलेला. केल्विनने वॉकर उचलून ओरखडे बघितले. बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र घरघरत होतं.

“पकड लावलीस?” केल्विनने शेवटी विचारलं.

“लावली.”

“अरेरे,” केल्विन म्हणाला. त्याला खरंच दुःख झालं, ते वॉकरसाठी.

ॲथलने उजवा हात टेबलावर ठेवला आणि थरथरू दिला. इतके महिने तो खिशात नाहीतर पाठीमागे होता. “हे बघ,” तो म्हणाला. “जत्रेला नऊ दिवस आहेत. मला ही एक पटाशी नीट करून दाखव. मग तुला जे बोलायचं ते बोल. अकरा वर्षांचं साठलं असेल.”

केल्विनने पटाशी उचलली आणि उजेडात धरली. “ही बघ, जुनी पटाशी. हिच्या बाजू सरळ नाहीत. वर रुंद, खाली अरुंद. सरळ जबड्यात धरलीस की ती कलणारच. जितकी आवळशील तितकी कलेल.” त्याने जुन्या पत्त्याच्या कॅटमधला एक पत्ता घेतला, चौकट सत्ती, तिची एक बारीक पट्टी कापली आणि जबड्यात एका बाजूने सरकवली. मग पटाशीचं टोक काचेच्या तुकड्यावर टेकवलं. “खालून उजेड दिसतोय?”

“डावीकडे केसभर.”

“मग अजून अर्धी पट्टी.” ती सरकवली. “आता?”

ॲथल वाकून बघत राहिला. “नाही दिसत. गुण्यात आली, अगदी काटकोनात.”

“आता घास.”

ॲथलने मुठीत यंत्र धरलं आणि सवयीने मनगट फिरवलं. धार लगेच एका बाजूला गेली. केल्विनने त्याचा हात धरून थांबवला.

“तू धार लावतोयस.”

“मग काय लावू, पावडर?”

“काही लावू नकोस. तुझं काम संपलं, आता त्याचं काम. चाक रुंद आहे, धार एका सुताची. तू मुठीने धरलंस की तुझा जोर कुठे ना कुठे जास्त पडतो आणि ती तिकडे वळते. मूठ सोड. फक्त एक बोट, मधोमध. ढकलू नकोस, नुसतं आपल्याकडे ओढ. आणि दगडाच्या मधून नको, कडेने. दहा वेळा झालं की जागा बदल, नाहीतर चर पडतो.”

“चराचं मला सांगू नकोस,” ॲथल पुटपुटला.

त्याने एक बोट ठेवलं. बोट थरथरत होतं. पण मूठ सुटल्यावर ती थरथर बोटातच राहिली, पटाशीत उतरली नाही. चाक आपल्या वाटेने सरळ चालत होतं, म्हाताऱ्या घोड्यासारखं, वर बसलेला कितीही चुळबुळला तरी. दहा वेळा, जागा बदल. दहा वेळा, जागा बदल. मग पाठ दगडावर सपाट ठेवून मागे वळलेली खरखरीत कड काढली, आणि उजेडात धरली. सरळ. आजोबांनी लावली असती तशी.

ॲथलने मनगटावर फिरवून बघितली, पण बऱ्याच दिवसांत मनगटाला नीट धार लागली नव्हती म्हणून केसांचं चांगलं जंगल माजलं होतं. ते एका फटक्यात गेलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते गॅरेजमधल्या धुळीच्या नावावर घातलं.

“कुणाला सांगशील?” त्याने विचारलं.

“चाळीस वर्षं अख्ख्या गावाला मूळव्याधीची मलमं दिली,” केल्विन म्हणाला. “कुणाचं नाव तुझ्या कानावर आलं?”

ॲथलने आठवून बघितलं. “नाही.”

“तुझंही नाही येणार.”

मग दोघांनी बेत ठरवला. म्हणजे ॲथलने ठरवला. केल्विन नुसता ऐकत होता. जत्रेच्या आदल्या दिवशी पटाशी घरीच वॉकरवर पाजवायची. मांडवात लोकांसमोर दगडावर नुसते तीन-चार हात फिरवायचे, टेकवल्यासारखं करून न टेकवता. धार तयारच आहे. सांधा कोरायचा, टाळ्या घ्यायच्या. “लबाडी नाही ही,” ॲथल म्हणाला. “धार मीच लावलेली ना?” केल्विन म्हणाला, “तुझी पटाशी, तुझी जत्रा.”

शनिवारी ऊन छान पडलं होतं. शेडच्या मांडवाच्या एका बाजूला चर्चच्या बायकांचं केकचं दुकान, दुसऱ्या बाजूला बक्षिसाच्या मेंढ्या. तीसेक माणसं बाकांवर बसली होती, आणि मॉइरा पहिल्या रांगेत. मागे चहाच्या टाकीशी, नियमाप्रमाणे, केल्विन. ॲथलने दगड भिजवला, खिशातली पटाशी चाचपली. दुसऱ्या खिशात रुमालात बांधलेला वॉकर होता, पत्त्याच्या पट्टीसकट आणि काचेच्या तुकड्यासकट. तो का आणला हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

डेन्झिलने भोंगा तोंडाला लावला. “मंडळी! हा आमचा ॲथल ब्रॅमिच! अठ्ठ्याहत्तर वर्षं वय! ना चाक, ना चिमटा, ना वॉकर! नुसता हात!”

टाळ्या झाल्या. ॲथलने पटाशी काढून टेबलावर ठेवली. आणि डेन्झिलच्या डोक्यात कधी नव्हे ते एक कल्पना आली.

“मागच्या वर्षी कुणीतरी म्हणालं, हा घरूनच धार लावून आणतो!” तो भोंग्यातून ओरडला. “चालणार नाही! पब्लिकची खात्री पटली पाहिजे!” आणि ॲथलने तोंड उघडायच्या आत त्याने पटाशी उचलली, मांडवाच्या खांबाला टेका दिलेल्या विटेवर ती तीनदा खर्र खर्र खर्र ओढली, आणि हसत परत ठेवली. “आता लाव!”

ॲथलला क्षणभर डेन्झिललाच विटेवर ओढावंसं वाटलं. पण तीस माणसं बघत होती. त्याने पटाशी मुठीत घेतली आणि दगडावर टेकवली. मांडवात एवढी शांतता होती की ते सगळ्यांना ऐकू गेलं: कट्, कट्, कट्, कट्. पटाशीचं टोक दगडावर वाजत होतं. त्याने मूठ आवळली, आवाज वाढला. मॉइराने मांडीवरची पर्स घट्ट धरली. डेन्झिलचा भोंगा हळूहळू खाली आला.

मागे हालचाल झाली. केल्विन टाकी सोडून पुढे येत होता, ॲप्रनच्या खिशात हात घालून. “डेन्झिल,” तो म्हणाला, “या वर्षी दोन्ही पद्धती दाखवायचं ठरलं होतं ना? आधी मी वॉकरवर करतो. ॲथल, तू बस जरा.”

असं काहीही ठरलं नव्हतं. ॲथलला ते कळलं, आणि हेही कळलं की आता नुसतं बसायचं, केल्विनवर एक विनोद मारायचा, लोक हसतील, आणि सगळं निभावून जाईल. विनोद तयारही होता, जिभेच्या टोकावर. केल्विन तोंड वर करून त्याची वाट बघत उभा होता, अकरा वर्षं उभा राहायचा तसाच.

“तू थांब,” ॲथल म्हणाला. “माझ्याकडे आहे माझा.”

त्याने रुमाल सोडला आणि वॉकर टेबलावर ठेवला. मागच्या रांगेतून कुणीतरी “आयला!” म्हणालं. डेन्झिलने सवयीने भोंगा उचलला, आणि तसाच पुन्हा खाली ठेवला.

“हा वॉकर,” ॲथल लोकांना म्हणाला. “मी याला अकरा वर्षं हसलो. मला हा वापरता येत नव्हता म्हणून जास्त हसलो असेन, पण ते मला गेल्या महिन्यात कळलं. आता बघा. पटाशी बारकी आणि जुनी असली तर ती यात कलते. म्हणून ही पत्त्याची पट्टी. चौकट सत्ती. काचेवर टेकवायची, खालून उजेड दिसता कामा नये. ए डेन्झिल, दिसतोय का बघ, तेवढा तरी उपयोगी पड.”

डेन्झिलने वाकून बघितलं. “नाही दिसत.”

“आता एकच बोट. हे असं. थरथरतंय, दिसतंय ना? थरथरू दे. दगडाच्या कडेने, आपल्याकडे ओढायचं. दहा झाले की जागा बदलायची. हे सगळं मी शोधलेलं नाही. तो ॲप्रनवाला आहे ना, त्याने शिकवलं.”

वेळ लागला. विटेने खाल्लेलं टोक आधी खडबडीत दगडावर सरळ करावं लागलं, मग मऊ दगडावर. मिनिटभराचा कार्यक्रम पंधरा मिनिटं चालला, पण उठलं कुणी नाही. उलट मेंढ्यांकडचे दोघे-तिघे येऊन मागे उभे राहिले. पहिल्या रांगेतल्या एका बाईने कागदावर लिहूनही घेतलं. मग ॲथलने हुऑन पाइनचा तुकडा शिकंज्यात आवळला. मऊ लाकूड ते, बोथट पटाशीखाली नुसतं चुरडतं. लाकडी हातोडीचे हलके ठोके पडले आणि दोन दात्यांमधून पातळ, गुंडाळलेली ढलपी बाहेर आली. मांडवभर त्या लाकडाचा वास सुटला. सांधा बसला तो टपली मारल्यावर, चप्पकन.

टाळ्या वाजल्या. मॉइराने तर दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली, जी तिला येते हे ॲथलला पंचावन्न वर्षांत माहीत नव्हतं.

टाळ्या थांबल्यावर ॲथल उठला आणि सरळ चहाच्या टाकीकडे गेला.

“ॲथल, काय पाहिजे तुला?” केल्विनने विचारलं.

“तू बस. नियम आहे.”

त्याने कप घेतला, टाकीची तोटी सोडली, कप काठोकाठ भरला, आणि उचलताना निम्मा चहा बशीत, थोडा बुटावर सांडला. त्याने तो ओतून टाकला आणि दुसरा कप भरला. या वेळी अर्धाच. अर्धा कप हिंदकळत होता पण सांडत नव्हता. तो कप हातात धरून ॲथल तसाच उभा राहिला. अर्धा कप. ऑगस्टपासून त्याला मिळत होता तो अर्धा कप. किटली लहान आहे म्हणे.

तो केल्विनसमोर आला. बोलायचं खूप होतं, पण तसलं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून त्याने साधाच प्रश्न विचारला. “साखर किती?” आणि विचारता विचारताच त्याच्या लक्षात आलं, की शेडमधल्या एकूण एक माणसाचा चहा या माणसाला पाठ आहे, आणि याचा कसा असतो ते शेडमध्ये एकालाही माहीत नाही.

केल्विन जरा अवघडला. “ॲथल,” तो म्हणाला, “मी चहा पीत नाही.”

“आज नाही?”

“कधीच नाही. पित्त होतं.”

“अकरा वर्षं केलास की!”

“फळीवर करावा असं लिहिलंय,” केल्विन म्हणाला. “प्यावा असं कुठे लिहिलंय?”

ॲथलने त्याच्याकडे बघितलं, मग कपाकडे बघितलं. त्याला इतकी लाज वाटली की हसूच आलं; आणि तो हसला म्हणून केल्विनही हसला.

“मग पितोस काय तू, लेका?”

“गरम पाणी. लिंबू असलं तर लिंबू पिळून. पण इथे कुठे मिळणार, राहू दे.”

“राहू दे कसं? बस तिथेच. उठलास तर बघ.”

त्याने कपातला चहा स्वतः एका घोटात संपवला, कप विसळला, त्यात टाकीतलं गरम पाणी घेतलं, बरोबर अर्ध्यापर्यंत. मग तो कप दोन्ही हातांनी धरून ॲथल ब्रॅमिच मांडवाबाहेर पडला आणि केकच्या दुकानापासून सुरुवात करून जत्रेतल्या प्रत्येक दुकानात विचारत सुटला, की बाबांनो, कुणाकडे एक लिंबू आहे का.